मठातली खुर्ची

एस.टी.ची सगळ्यांत खालची पायरी रुद्राणीच्या हनुवटीला लागायची. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय वाळून गेले, तेव्हापासून ती बेअरिंगची चाकं ठोकलेल्या फळीच्या गाड्यावर बसून, हातांनी जमीन मागं रेटत हिंडायची. घरात, आळीत, वडिलांच्या दुकानात तिचं काही अडत नसे. अडायचं ते फाट्यावर. नांदूरघाटाकडून केजला जाणारी गाडी जांभूळदरा फाट्यावर थांबायची, दार उघडायचं आणि समोर ती पायरी भिंतीसारखी उभी राहायची. मग कुणीतरी बगलेत हात घालून तिला पोत्यासारखं वर ओढायचं. ती वयात आली तसं तिनं ते बंद केलं. कुणाच्या हातात जायचं नसेल तर कुठं जायचंच नाही, असं ठरवून टाकलं आणि घरी बसून बाहेरून बारावी केली.

पण त्या वर्षी केजात संगणकाचा वर्ग निघाला. ते दिवसच तसे होते. गावोगाव पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन बूथ उघडत होते, माड्यांवर केबलच्या छत्र्या बसत होत्या आणि ज्याला संगणक येतो त्याच्या घरी नोकरी चालत येते, असं लोक खात्रीनं सांगत होते. नव्या कायद्यानं वर्गात अपंगांसाठी एक जागा राखलेली होती, ती रुद्राणीला मिळाली. दिवाळीनंतर रोज हजर राहायचं. खाडे झाले की जागा दुसऱ्याला. ही जागा गेली तर पुढं जन्मभर साखरेच्या पुड्या बांधणं आहे, हे तिला कळत होतं. तिच्या वडिलांनाही कळत होतं.

वडील मन्मथप्पा, गावातले जुने किराणावाले. बायको नीलाबाई गेल्यापासून लेकीचं सगळं तेच बघत. बोलणं कमी. रुद्राणी घरातून निघताना म्हणायची, “येते आप्पा,” आणि दुकानाच्या पुड्या घरीच जोखून ठेवणारे ते तागडीवरची नजर न उचलता म्हणायचे, “ये माय.” आळीच्या टोकापर्यंत जायचं असलं तरी हे चुकत नसे. जाणाऱ्यानं जातो म्हणू नये आणि राहणाऱ्यानं त्याला ये म्हटल्याशिवाय सोडू नये, ही रीत सगळ्याच घरांत असते. त्या घरात माणसं दोनच, म्हणून ती जरा जास्त जपली जायची.

पावसाळा सरता सरता अंबाजोगाईच्या एका संस्थेची वैष्णवी नावाची बाई गावात येऊ लागली. अपंगांचा प्रवास सोपा व्हावा आणि त्यासाठी गावच्या तरुणांनी पुढं यावं, असा त्यांचा प्रकल्प होता. तिनं शाळेच्या पटांगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला लावला. घरं आली, विहीर आली, लिंगायतांचा मठ आला, टोकाला फाटा आला. ज्याला जिथं अडतं तिथं त्यानं खूण करायची होती. रुद्राणीनं आपल्या घरापासून फाट्यापर्यंत कुंकवाची रेघ ओढली आणि तिथंच थांबली. वैष्णवीच्या तोंडी एकच शब्द सारखा असायचा, स्थानिक घटक. सगळ्या घटकांचा सहभाग हवा. युवक मंडळाच्या पोरांना त्याची गंमत वाटायची. ती एकमेकांना विचारायची, “तू कोणचा घटक हाईस बे?” आणि जो सगळ्यांत खादाड, त्याच्याकडं बोट दाखवून सांगायची की ह्याचा सहभाग फक्त नाश्त्याला.

उपाय सोपा निघाला. फाट्यावर गाडीच्या पायरीला लागेल एवढा उंच दगडी ओटा बांधायचा आणि मागून उतार काढायचा. रुद्राणी गाडा रेटत उतारावरून वर जाईल आणि ओट्यावरून हातांवर सरकत गाडीत शिरेल. कुणाचा हात लागायला नको. सिमेंट संस्थेचं, मेहनत पोरांची. अडलं ते जागेवर. रस्त्याची हद्द संपते तिथून सुंदररावांचं शेत लागत होतं आणि उतार त्यांच्या बांधावर येत होता. सुंदरराव माजी सरपंच, गावातले मोठे जमीनदार. युवक मंडळाचा पुढारी विजयसिंह त्यांचाच मुलगा. ते सभेला आले, मोडा घेऊन बसले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की पोरीसाठी आपला जीव तुटतो, पण जमिनीला एकदा जीभ लागली की लोक ती संपल्याशिवाय उठत नाहीत. आज ओटा, उद्या टपरी. सभा गप्प झाली. प्रत्येकाचं काही ना काही त्यांच्याकडं अडलेलं होतं. मन्मथप्पाही गप्प राहिले.

अशात वैष्णवीनं निरोप आणला की औरंगाबादचे मोठे साहेब गावं निवडायला येणार आहेत. त्यांच्या मनातून एकदा उतरलेलं गाव पुन्हा चढत नाही. विजयसिंहाला बापाच्या नकाराची लाज वाटत असावी. तो म्हणाला, ओटा नसला तर नसला, पोरं तर हायेत. रुद्राणीला घरातून उचलून मिरवत फाट्यावर नेऊ, बसल्या जागेवरून गाडीत सरकवू, साहेब खूश होतील. फक्त दांडे बांधलेली भक्कम खुर्ची पाहिजे. आणि अशी खुर्ची गावात आयती आहे, हे त्याला आठवलं. मठाच्या मागच्या खोलीला कुलूप नसायचं. मठाचे स्वामी कपिलधारला गेले होते, त्यामुळं विचारायचा प्रश्न आला नाही.

सकाळी खुर्ची दाराशी आली तेव्हा तिच्यावर विजयसिंहाच्या घरची नवी चादर होती. तरी रुद्राणीनं ओळखली. भस्माचा आणि सुकलेल्या झेंडूचा वास चादरीतून येत होता.

लिंगायतांत माणूस गेलं की आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून त्याला बसवतात, बसवूनच नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. त्यासाठी मठात ही खुर्ची होती. नीलाबाई हिच्यावरूनच गेली होती. रुद्राणीनं तेव्हा उंबऱ्यात बसून पाहिलं होतं. आई उंच, सगळ्यांच्या डोक्यांवर, जरा डुलत लांब लांब गेली. संध्याकाळी पोरांनी रिकामी खुर्ची आणून मठात ठेवली होती.

तिनं हळूच विजयसिंहाला विचारलं, “ही कुठून आणली?”

“मठातून. लई भक्कम हाय. कावून?”

तो खोटं बोलत नव्हता. लिंगायतांच्या मैतीला तो गेला होता, ह्याच खुर्चीमागं चालला होता. पण त्याच्या घरची माणसं तिरडीवरून आडवी जात. खुर्ची त्याच्या नजरेत खुर्चीच राहिली होती. वैष्णवी तर लांबची. ती कौतुकानं हसत उभी होती. मन्मथप्पा पहाटेच दुकान उघडायला गेले होते. एक शब्द टाकला असता तर सगळं थांबलं असतं. रुद्राणीच्या डोळ्यांपुढं फाट्यावर उभे असलेले साहेब आले आणि त्यांच्यामागं केजातली ती एक जागा आली.

“काही न्हाई,” ती म्हणाली. खुर्चीचे पाय धरून, दंडांवर जोर देऊन ती स्वतःच वर चढून बसली. पोरांनी उचललं आणि जड ओझं उचलताना जे म्हणतात ते म्हटलं, हर हर महादेव. हीच ललकारी खुर्ची निघताना होत असते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आळीतल्या लिंगायतांच्या दारांतून डोकी बाहेर आली.

खुर्ची डुलू लागली तसं तिनं खुर्चीचे दोन्ही हात पक्के धरले. धरल्यावर तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. एवढी जुनी खुर्ची, पाठ झिजलेली, बैठक झिजलेली, पण हातांवरचा रंग कोराच्या कोरा होता. तिथं आजवर कुणी घट्ट धरलंच नव्हतं.

विहिरीजवळ छबुबाई घागर घेऊन येत होती. म्हातारी, गुडघ्यांनी थकलेली, साऱ्या गावाला नावानिशी हाका मारणारी. खुर्ची बघून तिनं घागर खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. मग तिनं मान वर करून चेहरा बघितला. रुद्राणी हसली. छबुबाईचे जोडलेले हात तसेच राहिले.

पुढं बाजाराची ओळ लागली. मन्मथप्पा गूळ जोखत होते. गलका ऐकून त्यांनी मान वर केली, खुर्ची दिसली, आणि त्यांचे हात आपोआप हलले. मैत समोरून जाताना दुकानाची एक फळी लावायची असते. त्यांनी फळी उचलली, खाचेत बसवली आणि मग खुर्चीत कोण आहे ते पाहिलं. हात फळीवरच होता. शेजारच्या दुकानदारानं त्यांच्याकडं पाहून आपली फळी लावली. त्याच्या पलीकडच्यानं लावली. फळ्यांचा खट्‌ खट्‌ आवाज ओळीनं पुढं गेला आणि रुद्राणी त्या आवाजाच्या मधून पुढं गेली. “येते आप्पा,” असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तोवर खुर्ची दुकानापुढून निघून गेली होती.

फाट्यावर साहेब होते. गाडी वेळेवर आली. पण ड्रायव्हरनं लांबूनच खुर्ची पाहिली असावी. तो सिरसाळ्याकडचा, लिंगायतच होता. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खुर्ची पुढं जायची वाट बघत बसला. आतली माणसंही बोलायची थांबली. विजयसिंह हात करत राहिला, दार काही उघडलं नाही. शेवटी पोरं खुर्ची घेऊन गाडी ओलांडून पुढं गेली तेव्हा गाडी मागच्या मागं सुटली आणि निघून गेली. साहेब भारावले होते. अपंग व्यक्तीसाठी गाव उभं राहतं, गाडी थांबून मान देते, असं आपण कुठं पाहिलं नाही, असं ते वैष्णवीला म्हणाले आणि जांभूळदऱ्याचं नाव तिथल्या तिथं पक्कं केलं.

मग पोरांनी खुर्ची फिरवली. गावाकडं.

येताना रस्त्यात माणूस नव्हतं. विहिरीवर नव्हतं, बाजारात नव्हतं. दारं लोटलेली होती, कोंबड्यासुद्धा कुठं गेल्या कळेना. पोरंही बोलत नव्हती. घराशी खुर्ची टेकवल्यावर विजयसिंहानं खांदा चोळला आणि दुसऱ्याला हळू आवाजात म्हणाला, “जाताना जड होती. येताना लईच हलकी लागली बे.” दुसऱ्यानं मान हलवली. रुद्राणीनं ऐकलं. ती खाली उतरली आणि किती वेळ आपल्या मांड्यांवर हात दाबून बघत राहिली.

स्वामी दिवेलागणीला गावात परतले. त्यांना सगळं सांगण्यात आलं. ते संतापतील असं लोकांना वाटलं होतं, पण ते कुणाला एक शब्द बोलले नाहीत. खुर्ची स्वतः धुतली. मन्मथप्पा मठाच्या ओसरीवर खाली मान घालून बसले होते, त्यांना एवढंच म्हणाले, “ही भरलेली जाते आन्‌ रिकामी येते. भरलेली परत आल्याचं आमच्या आज्यानं बी न्हाई बघितलं. कोणीतरी तिकडं राह्यलं आसंल.” हे वाक्य रात्रीत साऱ्या गावात गेलं.

तिसऱ्या दिवशी माणसं मन्मथप्पांकडं येऊ लागली. कशासाठी आलो ते कुणी सांगेना. असंच आलो, म्हणायची, सतरंजीवर बसायची, जमिनीकडं बघायची. छबुबाईनं झाकून भाकरी-पिठलं आणलं आणि आज चूल पेटवू नका, म्हणाली. रुद्राणी मधल्या दारात गाड्यावर बसलेली होती. तिनं पाणी पुढं केलं तर लोकांनी तांब्या घेतला, पण तिच्या हातातून नाही. ती खाली ठेवेपर्यंत थांबून घेतला. तिच्याबद्दल चांगलं बोललं जात होतं. हुशार होती, म्हणाले. आईवर गेलती, म्हणाले. ती समोर बसून ऐकत होती आणि प्रत्येक वाक्यात आपण मागं मागं जातो आहोत असं तिला वाटत होतं. उठताना कुणी “येतो” म्हटलं नाही. मैतीच्या घरातून निघताना म्हणत नाहीत. एकेक जण पायताण चढवून निमूट निघून गेला.

सुंदररावही आले होते. निघायच्या आधी मन्मथप्पांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “फाट्यावरची जागा घ्या. लागंल तेवढी. आशा कामाला न्हाई म्हणू न्हाई.”

कशा कामाला, हे कुणी विचारलं नाही. जित्या पोरीला त्यांनी वीतभर बांध दिला नव्हता. पण गेलेल्या माणसाला जागा नाही म्हणणारा खेड्यात अजून जन्मायचा आहे.

ओटा दिवाळीच्या आत बांधून झाला. म्हाळू गवंडी आपण होऊन आला. लिंगायतांच्या मसणवट्यातल्या समाध्या त्याच्याच हातच्या होत्या. पोरांनी दगड वाहिले, वैष्णवीनं टेप लावून उंची बघितली आणि उतार अगदी कागदावरच्यासारखा साधला म्हणून त्याचं कौतुक केलं. ओट्याच्या पुढच्या अंगाला त्यानं दिवा मावेल एवढा कोनाडा सोडला होता. तो कशाला, असं तिनं विचारलं तर हाताला सवय हाय, म्हणाला. रुद्राणीनं एकदा वैष्णवीला सांगून पाहिलं, “ताई, लोक आता माझ्याकडं बघत न्हाईत.” वैष्णवीला आनंद झाला. पूर्वी टक लावून बघायचे ना, ती म्हणाली, आता स्वीकारलं त्यांनी.

दिवाळी झाली आणि रुद्राणी वर्गाला जाऊ लागली. ओटा कामाचा होता, त्यात खोट नव्हती. गाडा सरसर वर जाई, गाडीचं दार बरोबर समोर येई आणि ती हातांवर सरकत आत शिरे, गाडा मागून ओढून घेई. हात न करताही गाडी थांबायची. कंडक्टर तिकीट तिच्या शेजारी सीटवर ठेवून पुढं जायचा. दुसरं कुणी ओट्यावर चढत नसे. छबुबाईला पायरी चढवत नव्हती, दोघे जण तिला ढकलून गाडीत घालत, पण हाताच्या अंतरावरच्या उताराकडं ती मान वळवून बघतसुद्धा नसे.

केजात फलाटच पायरीएवढा उंच होता, आणि कुणाला काही माहीत नव्हतं. तिथं मुली तिच्या खांद्यावरून वाकून पडद्यावर बघायच्या, चिमटे काढायच्या, डबा ओढून घ्यायच्या. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत तिचं नाव उमटायचं. हजेरीला सर नाव घ्यायचे तेव्हा ती गरजेपेक्षा मोठ्यानं “हजर” म्हणायची, म्हणून सगळे हसायचे. त्या हसण्यासाठी तिला सकाळ व्हावीशी वाटायची.

संध्याकाळ व्हावीशी वाटायची नाही. गाव जवळ आलं की तिथं कुणी हाक मारणार नाही, हे आठवायचं. आणि सगळ्यांत वाईट घरातलं होतं. खुर्चीच्या दिवसापासून मन्मथप्पांनी तिला ये म्हटलं नव्हतं. जेवण वाढत, डबा बांधून देत, गाड्याच्या चाकांना तेल घालत. पण ती उंबऱ्यातून “येते आप्पा” म्हणाली की ते तागडीकडं बघत राहत. तिनं मोठ्यानं म्हणून पाहिलं. दोनदा म्हणून पाहिलं. एकदा तर अर्ध्या वाटेतून परत येऊन म्हटलं. तागडीचा काटा स्थिर होईपर्यंत ते बघत राहिले, मग आत गेले.

ओट्यावर रोज सकाळी ताजा बेल असायचा. तीन पानांचं एक दल, पाणी शिंपडलेलं, शेजारी भस्माची चिमूट. ती ते बाजूला सारून बसायची. कोण ठेवतं ते तिला दिसत नसे. गाडी सुटल्यावर ती मागं वळून बघत नसे, कारण पहिल्याच आठवड्यात एकदा बघितलं होतं. ओटा रिकामा होता. पण रिकाम्या जागेकडं बघताना जसं वाटतं तसं वाटलं नव्हतं. कुणी आत्ताच पदर सावरून बसलंय आणि गाडीकडं बघतंय, असं वाटलं होतं. येताना लईच हलकी लागली, हे तिला मग दिवसभर ऐकू येत राहिलं.

पौषातल्या एका सकाळी धुकं होतं. मन्मथप्पा नदीला जाऊन येतो सांगून अंधारातच बाहेर पडले होते. तिला झोप नव्हती, म्हणून ती नेहमीच्या आधी निघाली. फाट्यावर पोचली तर ओट्यापाशी कुणीतरी वाकलेलं. धुक्यात फक्त पाठ दिसत होती, पण त्या पाठीवरचं उपरणं तिनं स्वतः धुतलेलं होतं.

मन्मथप्पांनी बेलाचं पान ठेवलं, भस्म ठेवलं, ओट्याला कपाळ टेकवलं. वळले तेव्हा ती समोर होती. त्यांचा चेहरा असा झाला की तिला त्यांचीच भीती वाटली. ते तिच्याकडं बघत होते आणि मधूनच ओट्याकडं. जणू दोन्हीकडं एकच माणूस होतं आणि कुणाशी बोलावं ते कळत नव्हतं.

“तुझी आय गेली तवा मी फळी लावलती,” ते म्हणाले. “तुझ्या टायमाला बी माझ्याच हातानं लागली. मी लावली, माय. बापानं लावल्यावर कसं न्हाई लागायचं?”

तिला वाटलं होतं की ते गावाला भितात. ते स्वतःच्या हाताला भीत होते. एवढे दिवस त्यांनी लेकीला ये म्हटलं नव्हतं, कारण जे गेलं त्याला ये म्हटलं तर काय येईल, हे त्यांना माहीत नव्हतं.

ती रडली नाही. गाडीचा आवाज चढावावर येऊ लागला होता. ती म्हणाली, “आप्पा, मठात जा. खुर्चीचे हात बघून या.”

ती उतारावरून वर गेली, बेल सारला, गाडी आली, ती आत सरकली. “येते आप्पा,” ती दारातून म्हणाली. धुक्यात त्यांचं उपरणं तेवढं दिसत होतं.

त्या दिवशी तिचं वर्गात लक्ष लागलं नाही. हजेरीला नाव आलं तेव्हा सरांना ते दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. मुलींनी हसून बघितलं, पण तिला हसता आलं नाही. खुर्चीचे हात खरंच तसे असतील का? आपण धरले होते का? इतके घट्ट, की रंग निघावा? आता आठवायला गेलं तर त्या सकाळचं सगळं लांबून दिसायचं. उंच, सगळ्यांच्या डोक्यांवर, जरा डुलत जाणारं कुणीतरी. ती स्वतः उंबऱ्यात बसून बघते आहे असं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. फाटा आला, दार उघडलं, आणि ती सरकणार तेवढ्यात थांबली. ओट्यावर मन्मथप्पा बसले होते. मांडी घालून, हात गुडघ्यांवर, जसं त्यांच्यातलं माणूस शेवटचं बसतं तसे. रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं उभी राहून बघत होती. चहाचे पेले तसेच हातात. मन्मथप्पांचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. ते गाडीच्या दारात कोण येतं ते बघत होते.

ती ओट्यावर सरकली तसं त्यांनी आधी तिचे हात धरले. पंजे उलटे करून नखं बघितली, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला.

“खुर्चीच्या दोन्ही हातांवर ओरखडे हायेत,” ते म्हणाले. “खोल. लाकूड निघालंय. स्वामींना बी दाखवले.” मग तिच्या नखांकडं बघत, “मेलेलं माणूस काय धरतंय?”

तिनं हात त्यांच्या हातातच राहू दिले.

“आलीस?” त्यांनी विचारलं.

“आले, आप्पा.”

ते उठले, तिचा गाडा उतारावरून सावकाश खाली घेतला, आणि दोघं बाजाराच्या ओळीतून, फळ्या उघड्या असलेल्या दुकानांपुढून घरी गेली. छबुबाई विहिरीजवळ होती. तिनं बापाकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, पदर डोक्यावर घ्यायला उचलला आणि तसाच खाली सोडला. “उशीर झाला गं रुद्राणे आज,” म्हणाली. झाला नव्हता. पण रुद्राणीनं हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथप्पांनी डबा बांधला, चाकांना तेल घातलं. रुद्राणी उंबऱ्यातून म्हणाली, “येते आप्पा.”

“ये माय,” ते म्हणाले. तागडीवरून नजर उचलून म्हणाले.

ती हसत हसत निघाली. उठल्यापासून ते तिच्या नजरेसमोर होते. चूल त्यांनी पेटवली होती, पाणी त्यांनी तापवलं होतं, घराबाहेर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. फाट्यावर धुकं नव्हतं. स्वच्छ कोवळं ऊन ओट्यावर पडलं होतं, आणि त्या उन्हात बेलाचं एक दल होतं, तीन पानांचं, पाणी शिंपडलेलं. पाण्याचे थेंब अजून सुकले नव्हते. रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणूस दिसत नव्हतं.

रुद्राणी उतार चढून वर गेली. रोजच्यासारखा तिचा हात पान सारायला पुढं झाला आणि मागं आला. गाडीला अवकाश होता. ती जरा कडेला सरकून बसली. म्हाळूनं ओटा ऐसपैस बांधला होता, दोघींना पुरेल एवढा.